मिंट जुलेप

मिंट जुलेप : बर्बन व्हिस्की, पुदिना, साखरेचा पाक व कुटलेला बर्फ यांचे अमेरिकी शीतपेय. ते धातूच्या पेल्यात, काठाच्या वर बर्फाचा ढीग येईल असे भरून देतात. लुईव्हिल (केंटकी) येथे एरवी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या केंटकी डर्बी ह्या घोड्यांच्या शर्यतीचे (प्रारंभ १८७५) ते अधिकृत पेय असून हा मान त्याला साधारणतः १९३८ पासून मिळाला, असे मानतात. प्रस्तुत नोंदीत घरगुती कृती खानदेशातील उन्हाळा, भांडी व बाजार ध्यानात घेऊन दिली आहे.

व्युत्पत्ती : फार्सीत गुल म्हणजे फूल व आब म्हणजे पाणी, गुलाब हा मूळचा फुलाचा नव्हे, फुलाच्या पाण्याचा वाचक शब्द. (मराठीतल्या ‘गुलाबपाण्या’त पाणी दोनदा येते, ते यामुळेच.) अरबीत शिरताना आरंभीच्या ग-चा ज होऊन जुलाब हे रूप झाले. तेथून मध्ययुगीन लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत जुलेप हा शब्द साधारणतः १४०० च्या आसपास आला. त्याचा अर्थ कडू औषध घशाखाली उतरवण्यासाठी दिलेला गोड पाक, एवढाच होता. मद्याशी त्याची सांगड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पडलेली दिसते.

मराठीत हेच मूळ दोन वाटांनी आले. गुलाब फुलाचा झाला, तर जुलाब रेचकाचा व पुढे त्याच्या परिणामाचा. हे अर्थांतर कसे घडले याविषयी मतभेद संभवतात. हकीम सोनामुखीसारखी रेचके गोड पाकातून देत, त्यामुळे पाकाचे नाव औषधाला चिकटले, ही उपपत्ती त्यांतल्या त्यात सयुक्तिक वाटते. शब्द थेट अरबीतून आला असे म्हणण्यापेक्षा फार्सीतून आला असे मानणे अधिक ग्राह्य होय. कारण दख्खनच्या दरबारांत व युनानी वैद्यकात व्यवहार फार्सीचा होता. खानदेशात बुऱ्हाणपूरची फारूकी राजवट (१३८२–१६०१) व तिच्यामागून आलेली मोगल सुभेदारी असा त्या भाषेचा दीर्घ सहवास आहे. तेव्हा जळगावच्या पाहुण्यास ‘जुलेप’ देऊ करताना यजमानाला नावाचा खुलासा करावा लागला, तर तो भाषाशास्त्रदृष्ट्या अस्थानी नाही.

पेयाचा उगम : व्हर्जिनिया व केंटकी ही दोन्ही राज्ये जनकत्वाचा दावा करतात. जॉन डेव्हिस ह्या इंग्रज प्रवाशाच्या १८०३ मधील लेखनात व्हर्जिनियातील लोक सकाळी पुदिना घातलेले मद्य घेत, असा उल्लेख आहे; त्यामुळे पारडे व्हर्जिनियाकडे झुकते. आरंभी रम, ब्रँडी, राय व्हिस्की असे हाताला येईल ते मद्य वापरीत. जेरी टॉमस ह्या अमेरिकी मद्यपेयकाराच्या १८६२ मधील पेयकृतींच्या पुस्तकातही कोन्याक ही फ्रेंच ब्रँडीच आहे. बर्बनचे वर्चस्व त्यानंतरचे. फ्रान्समधील द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्याने ब्रँडी दुर्मिळ झाली, हे त्याचे एक कारण असावे.

घटक : बर्बन अमेरिकेतच होते, त्यातील धान्यात मका किमान ५१ टक्के असावा लागतो आणि ते आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवतात. व्हॅनिलासारखा गोडसर वास त्या पिंपातून येतो. मळीच्या मद्यार्कावर बेतलेल्या स्वस्त देशी व्हिस्कीत तो वास नसल्याने पेय निव्वळ गोड व उग्र लागते.

बाजारात जुडीने मिळणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो व जुलेपला तोच हवा. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन ह्या सुगंधी द्रव्याचा. पेपरमिंटमधील मेंथॉल व्हिस्कीवर मात करते. एप्रिल-मे महिन्यांत जुडी दुपारपर्यंत मान टाकते. तिचे देठ छाटून ती १५–२० मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास पाने पुन्हा ताठ होतात. काळी पडलेली पाने व फुलोऱ्यावर आलेले शेंडे घेऊ नयेत.

कृती : १०० ग्रॅम साखर १०० मिलि. गरम पाण्यात विरघळवून पाक गार करावा. कोरडी साखर थंड मद्यात विरघळत नाही, तळाशी कचकचते. सुमारे ३०० मिलि.चा पेला अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावा. त्यात ८–१० पाने (देठ वगळून) व १० मिलि. पाक घालून चमच्याच्या पाठीने चार-पाच वेळा नुसते दाबावे. सुवासिक तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते, ते एवढ्याने सुटते. चटणीसारखे वाटले तर पेशी फुटून हिरवट कडवटपणा उतरतो व चोथा दातात येतो. कृती बिघडते ती बहुधा येथेच. मग ६० मिलि. बर्बन ओतून मिनिटभर थांबावे, अर्धा पेला बर्फ घालून वीस-तीस सेकंद ढवळावे व उरलेला बर्फ शिगोशीग भरावा. शेवटी पुदिन्याची डहाळी तळहातावर एकदा आपटून खोवावी आणि नळी आखूड कापावी, म्हणजे पिताना नाक पानांशी येते.

बर्फ जाड सुती फडक्यात बांधून लाटण्याने कुटावा. फडके पाणी शोषते व चुरा कोरडा राहतो. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो. लादी विकत आणल्यास ती खाण्यायोग्य असल्याची खात्री करावी. मासळी व कारखान्यांसाठीची लादी पिण्यात घालू नये.

भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५° से.पर्यंत जातो आणि फळीवरच्या बाटलीतील मद्यही ४०° से.च्या आसपास असते. तसे ६० मिलि. मद्य शून्यापर्यंत आणण्यातच साधारण २५–३० ग्रॅम बर्फ वितळतो, फ्रिजमधील (८° से.) बाटलीला ५–६ ग्रॅम पुरतो. पहिल्याच घोटाला पाणचट लागणाऱ्या जुलेपचे कारण बहुधा हेच असते, तेव्हा बाटली आदल्या रात्रीच आत ठेवावी.

पेला : परंपरेने चांदीचा. तांबे उष्णतावहनात चांदीच्या जवळपास आहे, स्टेनलेस स्टील त्यांच्या कितीतरी मागे. म्हणून कल्हई केलेला तांब्याचा जुना पेला घरात असल्यास तो स्टीलच्या ग्लासापेक्षा सरस. स्टील घ्यायचे तर पातळ पत्र्याचे. बर्फात साखर व मद्य मिसळल्याने तापमान शून्याखाली उतरते आणि बाहेरून पांढरे हिम धरते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा थर विरळ असतो. मृगाच्या सुमारास दमट हवेत ओल भरपूर धरते, पण पेला पाझरू लागतो. मुठीत धरल्यास थर लगेच पुसला जातो; पेला काठाशी किंवा बुडाशी धरावा.

पर्याय व निर्बंध : एका पेल्यात (४० टक्के मद्यार्क धरून) सुमारे १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो, हे पेय तहान भागवण्यासाठी नाही. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे असून परवाना लागतो. सातपुड्यातील मोहाच्या दारूचा स्वतःचा तीव्र वास पुदिन्याशी जुळत नाही; हातभट्टीची दारू तर मिथेनॉलच्या धोक्यामुळे सर्वथा वर्ज्य. मद्य नको असल्यास त्याऐवजी गार केलेला कडक कोरा चहा ९० मिलि. घेतात, चहाचा तुरटपणा ओकच्या तुरटपणाची काहीशी भरपाई करतो, मात्र पाक १५ मिलि. करावा लागतो.