कार्ट्रिज घेताना आधी सुईचं टोक बघा

फोंडा-म्हापशाकडच्या कितीतरी घरांत नाट्यगीतांच्या, ख्यालांच्या रेकॉर्ड अजून कपाटात आहेत. नवा टर्नटेबल आला की वाद ठरलेला: कार्ट्रिज (सुई धरून तिच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारा छोटा भाग) मूव्हिंग मॅग्नेट घ्यायचं की मूव्हिंग कॉइल? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी सुईच्या टोकाचं बघावं.

हिशेब सोपा आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे १०,००० हर्ट्झची अख्खी लाट तिथे २१ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कोंबलेली असते. साध्या कोनिकल, म्हणजे गोलसर टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. ते त्या वळणांत शिरणार कसं? इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची बाजूची त्रिज्या सात-आठ मायक्रॉन, त्यामुळे ते बरंच आत पोचतं. मायक्रोलाइन आणि शिबाटा ही आणखी बारीक कडेची टोकं त्याहून सरस. (शिबाटा टोक १९७०च्या दशकात जपानमध्ये घडवलं गेलं ते चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी. त्या रेकॉर्ड कधीच मागे पडल्या, टोक टिकलं.) आपल्या गाण्याची पंचाईत अशी की विलंबित ऐसपैस भागात निवांत वाजतो आणि द्रुत, ताना, तबल्याची चाट हे सगळं नेमकं लेबलजवळ येतं. तिथे ‘स’ फाटला की लोक अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घालतात.

आता तो वाद. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईच्या दांडीमागे चिमुकलं लोहचुंबक हलतं आणि तीन ते सहा मिलिव्होल्ट मिळतात. मूव्हिंग कॉइलमध्ये हलते ती कॉइल. तिला वेढे मोजके, म्हणून ती हलकी आणि चपळ. पण हाती येतात बहुधा ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. त्यासाठी जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा फोनो प्रीअँप किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय सुई झिजली तर मॅग्नेटवाल्याची ओढून बदलता येते, कॉइलवाल्याचं बहुतेकदा अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत हेडशेलच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या आर्मच्या टोकाकडच्या भागाच्या) पिना काळवंडतात, आणि इतक्या क्षीण सिग्नलला वाईट जोड परवडत नाही. घरगुती सेटला मी मॅग्नेटच सुचवेन.

आर्मशी मेळ मात्र बसायलाच हवा. आर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं वजन) १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६ ग्रॅम आणि कंप्लायन्स (सुईच्या दांडीचा लवचिकपणा) १५ असेल तर अनुनाद, म्हणजे दोघं मिळून आपसूक थरथरतात ती कंपनसंख्या, ९.७ हर्ट्झच्या आसपास येतो. ८ ते १२ हर्ट्झ ही जागा चांगली: वाकड्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वर, संगीताच्या खाली. १९६०च्या दशकापासूनचं डेनॉन डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज फार ताठ, म्हणजे कमी कंप्लायन्सचं आहे. हलक्या आर्मवर ते लावण्यात अर्थ नाही.

आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांना ही कुठलीच सुई चालत नाही. त्यांची खाच रुंद, तिला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीची सुई तळाशी घासून नुसती खरखर उचलते. सुई जुळण्याचं महत्त्व नासाने ओळखलं होतं: केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी घेऊन १९७७मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवर तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही आहे. घरी ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या व्हीएम९५सारखी कार्ट्रिजांची मालिका सोयीची: त्याच बॉडीवर कोनिकलपासून शिबाटापर्यंत सुया बसतात, ७८साठी वेगळी मिळते. आणि पावसाळ्यात बुरशी धरलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय बारीक टोकाखाली घालू नका.