फोर्डने सोडलेली कंपनी आणि फोर्डने काढलेली कंपनी

‘कॅडिलॅक ही अमेरिकी मोटार-कंपनी मुळात फोर्डचीच,’ असं मोटारींच्या गप्पांत कुणीतरी हमखास ठोकून देतं आणि बाकीचे माना डोलावतात. घोळ आहे तो हेन्री फोर्ड कंपनी आणि फोर्ड मोटर कंपनी या दोन नावांचा.

दुसरी सगळ्यांना ठाऊक आहे. जून १९०३, डेट्रॉइट, पुढे मॉडेल टी ही गाजलेली गाडी. बास.

पहिली फोर्डच्या हातात जेमतेम चार महिने होती. ऑक्टोबर १९०१मध्ये ग्रोस पॉइंटच्या शर्यतीत त्याने मोटारी बनवणाऱ्या अलेक्झांडर विंटनला हरवलं आणि विल्यम मर्फी या लाकूड-व्यापाऱ्यासह काही भांडवलदारांनी नोव्हेंबरअखेर त्याच्या नावाने कंपनी उभी केली. (यातल्या बऱ्याच जणांचे पैसे त्याच्या आधीच्या डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनीत बुडाले होते. तरी पुन्हा तेच!) त्यांना बाजारात विकता येईल अशी गाडी हवी होती, फोर्डचं लक्ष शर्यतीच्या गाडीत. मार्च १९०२मध्ये तो ९०० डॉलर घेऊन बाहेर पडला.

लोक अडखळतात ते याच्या पुढे. फोर्ड जाताना स्वतःचं नावही घेऊन गेला. मागे राहिला कारखाना, यंत्रं आणि वैतागलेले भागधारक. ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायच्या हेतूने त्यांनी यंत्रांची किंमत ठरवायला हेन्री लेलंडला बोलावलं. लेलंड अचूक यंत्रकामासाठी नावाजलेला. त्याने ओल्ड्स या मोटार-कंपनीने नाकारलेलं आपलं एका सिलिंडरचं इंजिन पुढे केलं आणि सांगितलं, कंपनी मोडू नका, हे बसवून गाडी काढा. त्यांनी ऐकलं. कंपनीला डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव मिळालं: कॅडिलॅक.

म्हणजे कॅडिलॅकचं भांडवल मर्फी मंडळींचं आणि इंजिन लेलंडचं. फोर्ड मोटर कंपनीत मर्फी नव्हताच. तिथे पैसा आणला कोळसा-व्यापारी माल्कमसनने आणि इंजिनं पुरवली डॉज बंधूंनी. पहिली कंपनी दुसरीची आई नव्हे, मावशीसुद्धा नव्हे. ‘नाव बदलून फोर्ड मोटर झाली’ असं लिहिणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार.

१९०३च्या दोन्ही गाड्या दिसायला बऱ्याच सारख्या, हे मान्य. पण कॅडिलॅकला एक सिलिंडर, फोर्डला दोन.

फोर्ड आणि लेलंड यांचं खरं नातं शोधायचंच असेल, तर ते लिंकनमध्ये. लेलंडने कॅडिलॅक सोडून १९१७मध्ये काढलेली ही कंपनी फोर्ड मोटरने १९२२मध्ये लिलावात ८० लाख डॉलरला घेतली. काही महिन्यांतच लेलंडला तिथून बाहेर पडावं लागलं.