जबड्याचं ऑपरेशन आणि नजर: पहिल्या रात्री पेशंटजवळ थांबणाऱ्यांसाठी

वरचा जबडा पुढे-मागे सरकवण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की आम्ही घरच्यांना एकदा दवाखान्यात बोलावतो. टेबलावर प्लास्टिकची कवटी असते. हाड कुठं कापणार, प्लेट आणि स्क्रू कुठं बसणार, ओठाला काही महिने बधिरपणा का राहू शकतो, हे सगळं तिच्यावर दाखवून होतं. मग आम्ही डोळ्यांचा विषय काढतो, आणि बहुतेक वेळा आई दचकून विचारते, "जबड्याचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

या पत्रकात त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. निवांत वाचा. ऑपरेशनच्या रात्री पेशंटजवळ जे थांबणार आहेत त्यांना तर आवर्जून वाचायला द्या.

या ऑपरेशननंतर नजर जाणं अतिशय दुर्मिळ आहे. इतकं, की असे पेशंट वैद्यकीय नियतकालिकांत एकेक करून नोंदले जातात. सूज, बधिरपणा, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जबडा पुन्हा थोडा मागे सरकणं या त्यापेक्षा कितीतरी नेहमीच्या अडचणी. महत्त्वाचे धोके पेशंटला सांगितलेच पाहिजेत, पण फार दूरचे, नुसत्या शक्यतेतले धोके सांगण्याची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालच्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणजे आम्ही गप्प बसलो तरी चालण्यासारखं आहे. तरीही सांगतो. हे ऑपरेशन बहुतेक वेळा जीव वाचवण्यासाठी नसतं. चावणं सुधारावं, चेहरा ठीक व्हावा म्हणून तुम्ही ते स्वतः निवडलेलं असतं, आणि निवडणाऱ्याला सगळं माहीत असायला हवं. शिवाय काही पेशंटमध्ये वेळेत लक्षात आलं तर नजर वाचवता येते. ते लक्षात येणं बऱ्याच अंशी उशाशी बसलेल्या माणसावर असतं.

संबंध काय, तो असा

वरचा जबडा सुटा करण्याच्या या ऑपरेशनला ले फोर्ट वन म्हणतात. रने ल फोर या फ्रेंच सर्जननं मृतदेहांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणकोणत्या रेषांवर तुटतात ते पाहिलं आणि १९०१ साली प्रसिद्ध केलं. त्यातली सगळ्यात खालची रेषा दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळाजवळून आडवी जाते. आज सर्जन जवळपास त्याच रेषेवर, पण मोजूनमापून कापतो.

पुढचं काम बारीक करवतीनं होतं. मागे मात्र, अक्कलदाढेच्याही मागे, जबडा दुसऱ्या एका हाडाला चिकटलेला असतो. तिथं वाकडी छन्नी लावून, हातोडीचे ठोके देऊन तो सोडवावा लागतो. कवटीवर आम्ही पेन्सिलीचं टोक बरोबर त्या जागी ठेवतो आणि सावकाश वर नेतो. ते मागचं हाड, स्फेनॉइड, वर डोळ्याच्या खोबणीच्या अगदी टोकापर्यंत गेलेलं असतं, आणि डोळ्याची नस मेंदूकडे जाते ती त्याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून. पेन्सिल तिथं पोचली की आई पुढचं विचारत नाही, तिला कळलेलं असतं. हाडाला जाणारा तडा ठरल्या जागी न थांबता वर गेला, तर नस चेपली जाऊ शकते किंवा तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेल्या पेशंटमध्ये या मागच्या हाडाची ठेवण वेगळी असू शकते आणि ते कुठं सुटेल याचा अंदाज कठीण जातो. म्हणून त्यांचा सीटी स्कॅन आम्ही मागच्या भागासाठी वेगळा बघतो. फक्त खालच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर हा छन्नीचा प्रश्नच येत नाही.

तडा न जाताही डोळ्याला धोका होऊ शकतो. एक म्हणजे डोळ्याच्या मागे रक्त साठून दाब वाढतो. दुसरं म्हणजे रक्तदाब. रक्त कमी जावं म्हणून भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या वेळी तो मुद्दाम थोडा खाली ठेवतात. धडधाकट तरुण माणसाला ते सहसा सोसतं. पण दाब फार वेळ फार खाली राहिला आणि त्यात रक्तही बरंच गेलं, तर नसेला रक्त पुरत नाही. म्हणून बीपी, मधुमेह, तंबाखू, सिगारेट, चालू गोळ्या, यातलं काहीही लपवू नका. मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि आम्ही तारीख पुढे ढकलली तर कृपा करून रागावू नका. लग्नाचा मुहूर्त जवळ आलाय, हे ऑपरेशन उरकून टाकायचं कारण नव्हे.

पहिल्या रात्री नजर गेलेली कळत का नाही

चेहरा सुजलेला असतो, पापण्या उघडत नाहीत. दातांना रबरं लावली असतील तर पेशंटला नीट बोलता येत नाही. दुखण्याच्या औषधानं गुंगी असते. त्यात ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांत मलम घालून पापण्या पट्टीनं मिटवलेल्या असतात, त्यामुळे जाग आल्यावर सुरुवातीला सगळं धूसर दिसतंच. अशा वेळी पेशंटनं डोळ्याकडे बोट दाखवलं की आजूबाजूचे म्हणतात, "अगं, सूज आहे, उतरेल." हे वाक्य त्या रात्री कुणाकडूनही ऐकून घेऊ नका, आमच्या स्टाफकडूनसुद्धा.

त्यासाठी एक सवय आदल्या दिवशी घरीच करून ठेवा. एक डोळा हातानं झाका, दुसऱ्यासमोर दोन-तीन बोटं धरा, आणि पेशंटनं तेवढीच बोटं आपल्या हातानं दाखवायची. बोलायची गरज नाही. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून विचारलंत तर चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, तेव्हा एकेकच. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण जवळ ठेवा. एका डोळ्याला ते लालभडक आणि दुसऱ्याला फिकट, विटकरी दिसत असेल, तर बोटं बरोबर मोजली तरी आम्हाला कळवा. पापणी उघडतच नसेल तर मिटल्या पापणीवर मोबाईलची बॅटरी धरा. उजेड जाणवला की पेशंटनं तुमचा हात दाबायचा.

पेशंट शुद्धीवर आल्यापासून पहिले बारा तास आम्ही हे दर तासाला करायला सांगतो. सिस्टर त्यांच्या बाजूनं टॉर्च मारून बाहुल्या बघतात. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेल्यावर बाहुली बारीक व्हायच्या ऐवजी मोठी झाली, तर त्या डोळ्याच्या नसेचं काम बिघडलंय असं समजतात. पेशंट गुंगीत असला तरी हे तपासता येतं. सिस्टर आल्या आणि बाहुल्या न बघताच निघाल्या तर आठवण करून द्या. त्यांना राग येणार नाही.

उजेड दिसेना, बोटं मोजता येईनात, एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आल्यासारखा वाटतोय, हाताला टणक लागतोय, आत खूप ठणकतंय किंवा उलट्या थांबत नाहीत, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. त्याच मिनिटाला बेल दाबा आणि "डोळा" हा शब्द उच्चारा.

डोळ्यामागे रक्त साठलं असेल तर पहिले एक-दोन तास सगळ्यात मोलाचे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी जागा बधिर करून छोटी चीर देतात, दाब सुटतो. हे पलंगावरही करता येतं आणि त्यासाठी स्कॅनची वाट बघायची नसते. नस तड्यात सापडली असेल तर मात्र खोटी आशा आम्ही देणार नाही. अपघातात दुखावलेल्या डोळ्याच्या नसेवर स्टिरॉइडचा किंवा नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा खात्रीचा फायदा दिसला नाही, असा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात निघाला. तरी नेत्रतज्ज्ञ, स्कॅन आणि रक्तदाब सावरणं हे लगेच व्हायला हवं.

डोळ्यांतून पाणी येणं, काही दिवस दोन-दोन दिसणं याही तक्रारी कधीकधी होतात. त्या बहुधा बऱ्या होतात, पण आम्हाला सांगा. सर्जन हो म्हणेपर्यंत नाक शिंकरू नका. सायनसमधली हवा खोबणीत शिरू शकते. शिंक आलीच तर दाबू नका, तोंडावाटे जाऊ द्या.

आणि पेशंटला चष्मा असेल तर तो ऑपरेशनच्या दिवशी पिशवीत घालूनच या. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा. मोठ्या नंबरच्या मुलाला चष्म्याशिवाय समोरची बोटं मोजता येत नाहीत. सुजलेल्या नाकावर तो बसणार नाही, तेव्हा डोळ्यासमोर हातानं धरा आणि मग विचारा, किती.