पांढरेपणा काचेच्या आतला की वरचा? जुन्या जपानी बर्फकपांची पारख

मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानमध्ये किसलेला बर्फ, वर गोड पाक ओतून, पाय असलेल्या काचेच्या लहान कपांत देत. या कपांना ‘कोरी-कोप्पु’ म्हणतात. काही वाटीसारखे पसरट, काही तुतारीसारखे उघडत जाणारे. संग्राहक सर्वांत जास्त शोधतात ते दुधी नक्षीचे, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. कारण जुन्या काचेवर पांढरेपणा तीन कारणांनी येतो आणि त्यातलं एकच कारण मोलाचं.

पहिलं कारण कारागिराचं. काचेच्या रसात हाडांची राख, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, मिसळतात. तापलेला रस पारदर्शकच असतो. नळीवरचा गोळा नक्षीदार साच्यात फुंकला की साच्याला टेकलेला भाग आधी निवतो. गोळा पुन्हा भट्टीत धरला की निवलेल्या जागी फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात आणि प्रकाश विखुरतात. अशी नक्षी तापवूनच उमटते. हे कण फार बारीक असतील तर निळा प्रकाश जास्त विखुरतो. म्हणून कप काळ्या कापडावर ठेवला की दुधी भागाच्या कडा निळसर दिसतात, आणि तोच कप दिव्यासमोर धरला की नारिंगी झाक येते. ही परीक्षा फुकट आणि भरवशाची आहे. काचेवर बसलेल्या थरात असा रंगपालट होत नाही.

दुसरं कारण पाण्यातले क्षार. हा थर नखाला खरखरीत लागतो. घरातला पांढरा व्हिनेगर (सुमारे ५ टक्के) तासभर भरून ठेवला की तो सुटतो. मात्र रंगवलेल्या किंवा सोनेरी कडेच्या कपाला आम्ल लावू नये. कमी तापमानावर भाजलेले रंग त्याने उतरतात.

तिसरं कारण खुद्द काचेची झीज. ओलाव्यामुळे काचेतलं सोडियम पृष्ठभागावर येतं, तिथे अल्कली साचते आणि ती काचेचा सांगाडा असलेलं सिलिकाचं जाळंच पोखरते. सुरुवातीला काच हाताला साबणासारखी बुळबुळीत लागते, नंतर धुरकट होते आणि शेवटी तिच्यात केसासारख्या भेगा पडतात. हे भरून येत नाही. डिशवॉशरची अल्कलीयुक्त पावडर हेच काम झपाट्याने करते, त्यामुळे ही भांडी त्यात कधीही घालू नयेत.

कपाची वाटी आणि पाय गरम असताना जोडलेले असतात. काच नीट सावकाश थंड केली नसेल तर या सांध्यात ताण अडकून राहतो. तो डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडावं, पोलराइज्ड गॉगल फिरवत पडदा काळा दिसेपर्यंत न्यावा आणि मधे कप धरावा. सांध्याशी उजळ पट्टे दिसले तर त्या कपात बर्फ घालू नये, गरम पाण्याने तर तो धुऊच नये. कोमट पाणी, मऊ कापड, तळाशी टॉवेल, एवढं पुरे.

पिवळसर-हिरव्या कपांत युरेनियम असू शकतं. ३९५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली, अंधारात, ते झगझगीत हिरवं चमकतं. मँगनीजची काचही हिरवट दिसते, पण मंद. युरेनियमचे कप कपाटात निर्धास्त ठेवावेत. लिंबूसरबतासारखं आंबट रोज त्यातून पिऊ नये.

तळही उलटून पाहावा. खऱ्या वापराचे ओरखडे टेकणाऱ्या कडेवरच असतात, लहानमोठे आणि वाटेल त्या दिशेने. एकाच दिशेच्या सारख्या रेघा दिसल्या तर सँडपेपर घासून जुनेपणा आणल्याचा संशय घ्यावा.

कोकणात किंवा मुंबईत संग्रह असेल तर पावसाळा हा खरा शत्रू. वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवलेली काच आतल्या आत ओलावा धरते. एकात एक न घालता, उघड्या फळीवर, ४० ते ५० टक्के आर्द्रता राखून ठेवणं उत्तम. काच बुळबुळीत लागली तर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच सुती कापडाने कोरडी करावी. या टप्प्यावर झीज अजून थोपवता येते.