बी.एड.च्या अभ्यासक्रमात मन कधी शिरलं?

भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून सांभाळण्याची क्षमता, हा विषय बाहेरून आला असं आपल्याकडची प्राध्यापक मंडळी धरून चालतात. नाव बाहेरचंच. सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९५ च्या गोलमनच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. पण ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवण्याची पद्धत, उभी राहिली आणि सेवाग्रामला शिक्षक घडवताना सूतकताई, सफाई, स्वयंपाक हाही अभ्यासच मानला गेला. चार माणसांत मिळून राहणं, हलकं समजलं जाणारं काम न लाजता करणं, याची तालीम तिथे रोजच्या दिनक्रमातच होती.

पुढे हे सगळं मागे पडलं. वर्षभराच्या बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांचे सरावपाठ), पाठ टाचण (पाठाची लेखी आखणी) आणि निरीक्षण वह्या एवढ्यातच दम निघायचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतल्या अनुभवासाठी वीस आठवडे ठेवले आणि ‘स्वतःला समजून घेणे’ हा स्वतंत्र घटक आणला. शहरात तो चर्चेत निभतो. यवतमाळकडच्या गावात, दिवाळीनंतर, अर्ध्याहून अधिक वर्ग रिकामा असतो. ‘‘सर, पोट्टे कापूस वेचाले गेले,’’ असं उरलेली मुलं सांगतात. मागच्या बाकावर मार्गदर्शक गुणतक्ता घेऊन बसलेले, आणि तीस मुलांसाठी बेतलेला गटकार्याचा पाठ आठ मुलांवर कसा घ्यायचा हे छात्राध्यापकाने, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्याने, उभ्या उभ्या ठरवायचं. ते निभावून नेणं हीच खरी परीक्षा, पण गुणतक्त्यात ती क्वचितच धरली जाते.

वर्गात तग धरणं हा एक प्रश्न; दुसरा पदवीनंतर तग धरण्याचा, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षण सेवक योजना, म्हणजे नोकरीची पहिली तीन वर्षं मानधनावर. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली, पुढची थेट २०२३ मध्ये. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला दीर्घकाळ महिन्याला ६,००० रुपये मिळत. तेही २०२३ मध्येच १६,००० झाले. दोन चाचण्यांमधल्या या काळात कोरडवाहू घरातली बी.एड. झालेली मुलं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत राहिली, काही घरच्या शेतीकडे वळली. भावनिक बुद्धिमत्ता मोजणाऱ्या प्रश्नावल्या मात्र भरून घेतल्या जातात त्या बहुतेक बी.एड.च्या वर्गात बसलेल्यांकडून, निकालाच्या आधी.