कोड बरोबर, नदी चुकीची

नदीसारख्या गोष्टीचं संगणकावरचं मॉडेल तपासायच्या दोन पायऱ्या: व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. मराठीत आपण दोन्हींना ‘पडताळणी’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्यात विचारायचं, कोड समीकरणं नीट सोडवतोय का? दुसऱ्यात, ही समीकरणं गोव्याच्या मांडवी नदीला लागू पडतात का? पहिल्याला नदी लागतच नाही.

खाजन शेत घ्या, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणफाटकाची, दारं ओहोटीला उघडतात, भरती चढली की पाण्याच्या दाबानेच मिटतात. शेतातल्या खारेपणाचं मॉडेल पायथॉनमध्ये लिहिलंत, तर आधी दारं बंद, पाऊस आणि बाष्पीभवन शून्य ठेवून ते १०० दिवस चालवा. आतलं मीठ सुरुवातीइतकंच भरलं पाहिजे. कमी भरलं तर बांध नाही, कोड गळतोय! मग वेळेचा टप्पा निम्मा करून बघा. उत्तर फारसं हलता कामा नये. दाराच्या अटीत ‘लहान’ऐवजी ‘मोठं’ चिन्ह पडलं, तर दार नेमकं भरतीला उघडेल आणि खारं पाणी सोसणारा कोरगुट भातही जळेल. अशा चाचण्या लिहून ठेवाव्या, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) बदल चढवला की आपोआप चालवाव्या.

व्हॅलिडेशनला होडी, बाटल्या आणि नोंदी लागतात. फेब्रुवारी ते मेच्या नोंदींवर मिश्रणाचा गुणांक (खारं-गोडं पाणी किती वेगाने मिसळतं तो आकडा) बसवायचा आणि त्याच नोंदींशी आलेख जुळला म्हणून पेढे वाटायचे, हे झालं कॅलिब्रेशन. खरी परीक्षा न वापरलेल्या नोंदींवर. तिथे नापास झालात, तर कोड निर्दोष असूनही मांडवी-जुवारीला जोडणारा कुंभारजुवेचा कालवा मॉडेलमध्ये घ्यायचाच राहिला, असंही निघू शकतं. (नैसर्गिक व्यवस्थेचं मॉडेल ‘खरं’ ठरवणं अशक्यच, असं विज्ञान-इतिहासकार नाओमी ओरेस्केस आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं होतं. तरी नोंदींशी ताडून बघणं टळत नाही.)

क्रम मात्र उलटू नये. समजा, चुकून नदीचा विसर्ग कोडमध्ये दोनदा मोजला गेला. गोडं पाणी जास्त झालं, म्हणून तुम्ही मिश्रणाचा गुणांक दुप्पट केलात. साध्या एकमितीय मॉडेलमध्ये स्थिर खारेपणा या दोहोंच्या गुणोत्तरावरच ठरतो, त्यामुळे उन्हाळ्याचा आलेख जवळजवळ जुळतो. चूक झाकली जाते. ती उघडी पडते पावसाळा सरताना: मांडवीत खारं पाणी परत चढायला जितके दिवस घेतं, त्याहून कमी दिवसांतच तुमचं मॉडेल ते वर पोचवतं.