ई-कॅडहेरिनची स्लाइड कोरी आली, तर आधी काय पाहाल?

(आमची रेडी-टू-यूज ई-कॅडहेरिन अँटिबॉडी वापरणाऱ्या पॅथॉलॉजी लॅबसाठी)

ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन. गाठीत ते आहे की नाही, हे अँटिबॉडीने स्लाइड रंगवून पाहतात. अशा बहुतेक मार्करमध्ये (ओळख पटवणाऱ्या प्रथिनांमध्ये) आपण रंग शोधतो. ई-कॅडहेरिनमध्ये मात्र रंग नसणं हेच अनेकदा उत्तर असतं, आणि गोची तिथेच होते. गाठीने प्रथिन गमावलं तरी स्लाइड कोरी दिसते आणि रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलं गेलेलं प्रथिन गरम बफरने पुन्हा उघडं करणं) फसलं तरी कोरीच दिसते. दोन्हींत फरक कसा करायचा, यासाठी हे पत्रक.

प्रथिन थोडक्यात

ई-कॅडहेरिनचं जनुक सीडीएच१, ते १६ व्या गुणसूत्रावर आहे. त्यावरून तयार होणारं ८८२ अमिनो आम्लांचं प्रथिन पुढचा तुकडा छाटला गेल्यावर सुमारे १२० किलोडाल्टनचं उरतं आणि पेशीपटलात बसतं. पटलाबाहेर त्याचे पाच भाग असतात. त्यांच्यामध्ये कॅल्शियम असेल तरच ते ताठ राहून शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतात. आतल्या शेपटीवर पी१२० आणि बीटा-कॅटेनिन ही प्रथिनं बसतात. बीटा-कॅटेनिन पुढे अल्फा-कॅटेनिनमार्फत अ‍ॅक्टिनच्या सांगाड्याशी जोडलं जातं.

ही जोडणी तुटली की पेशी सुट्या होतात. स्तनाच्या लोब्युलर कार्सिनोमात (स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार; दुसरा मुख्य प्रकार डक्टल) एकेका पेशीच्या रांगा दिसतात त्या यामुळेच. जठराच्या डिफ्यूज, म्हणजे सुट्या पेशींनी पसरणाऱ्या, कर्करोगातही हेच घडतं. तो काही घराण्यांत वारशाने येतो आणि त्यामागे सीडीएच१ आहे, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आलं. पण स्लाइडवरून वारसा ठरवू नका. जनुकातला दोष नसतानाही प्रमोटरच्या मेथिलेशनने (जनुकाच्या चालू-बंद भागावर रासायनिक खूण बसल्याने) प्रथिन बंद पडतं. वारशासाठी रक्तावरची जनुकचाचणीच हवी.

पद्धत

नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि तिथे ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. मोठा तुकडा न कापता बुडवला तर आतपर्यंत फॉर्मॅलिन पोचत नाही. मग कडेला रंग आणि मध्ये कोरं, असं चित्र येतं.

३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर घ्या आणि ६० अंशांवर तासभर ठेवा. रिट्रीव्हलसाठी ट्रिस-ईडीटीए, पीएच ९.० : एक लिटर पाण्यात १.२१ ग्रॅम ट्रिस आणि ०.३७ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए. ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं गार होऊ द्या. घाईने नळाखाली धरलं की सेक्शन सुटतात. ट्रिप्सिन किंवा पेप्सिन ही प्रथिनं पचवणारी एन्झाइम वापरूच नका. आमची अँटिबॉडी प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला चिकटते आणि एन्झाइम नेमका तोच भाग कुरतडतात.

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, अँटिबॉडी १०० ते १५० मायक्रोलिटर ३० मिनिटं, मग पॉलिमर (अँटिबॉडीवर पेरॉक्सिडेज एन्झाइम बसवणारा), डॅब (त्या एन्झाइममुळे तपकिरी होणारं रंगद्रव्य) आणि केंद्रकं निळी करणारं हलकं हिमॅटॉक्सिलिन. धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते पेरॉक्सिडेज मारतं. आमच्याकडे ‘अँटिबॉडी चालत नाही’ म्हणून तक्रार आली की अझाइड आणि बफरचा पीएच या दोन गोष्टी आम्ही आधी विचारतो.

वाचन

गाठीकडे पाहण्याआधी त्याच सेक्शनमधली निरोगी डक्ट (दूधनलिका) शोधा. तिच्या पेशींच्या कडा सलग, गडद तपकिरी हव्यात. त्या फिक्या असतील तर स्लाइड रद्द, गाठीबद्दल काहीही लिहू नका. बाहेरचा कंट्रोल, म्हणजे मोठ्या आतड्याचा निरोगी तुकडा, चांगला रंगला असला तरीही. त्या कंट्रोलचं फिक्सेशन वेगळं झालेलं असतं.

फसवणूक उलट बाजूनेही होते. लोब्युलर गाठीत अडकलेल्या निरोगी डक्ट रंगतात. डक्टच्या बाहेरच्या थरातल्या मायोएपिथेलियल पेशींचा तुटक, दाणेदार रंग गाठीचा समजला जातो. शिवाय काही लोब्युलर गाठींत प्रथिन बिघडलेलं असूनही पटलावर राहतं आणि रंग घेतं. अशा वेळी पी१२० लावा: डक्टल गाठीत ते पटलावर दिसतं, लोब्युलरमध्ये पेशीद्रवात पसरलेलं. एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइड) वर रचना ठळक लोब्युलर असेल, तर केवळ ई-कॅडहेरिन रंगलं म्हणून निदान फिरवू नये.

डक्टच्या आतच राहिलेल्या गाठीत हा फरक शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो. डीसीआयएसमध्ये (आतच राहिलेल्या डक्टल कर्करोगात) कडा मोकळ्या मिळेपर्यंत ऊतक काढावं लागतं. क्लासिक एलसीआयएस (आतच राहिलेली लोब्युलर वाढ) कडेला दिसला तरी त्यासाठी सहसा पुन्हा कापत नाहीत.

साठवण

६ मिलीच्या बाटलीत ४० ते ६० स्लाइड होतात. २ ते ८ अंशांवर ठेवा, गोठवू नका. नवा लॉट आला की आधीच्या लॉटसोबत एकाच ब्लॉकवर लावून पाहा आणि दोन्ही स्लाइड जपून ठेवा. तक्रार करायची असेल तर त्याच आम्हाला पाठवा, सोबत लॉट क्रमांक आणि रिट्रीव्हल बफरचा मोजलेला पीएच.